घरभेटींची वही

“माझ्या फोनात कोणीतरी शिरलंय!”

लिडियाकाकू एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या खुर्चीवरच्या उजागरे साहेबांच्या हातून चष्मा पडला. काकूंच्या फोनवर आमची वही उघडलेली होती आणि त्यात त्यांनी न लिहिलेली अक्षरं आपोआप उमटत होती. ‘मथुराबाई’ एवढं झालं, मग ‘जा’, मग ‘जाध’.

“काकू, घाबरू नका. ते देवदान दादा लिहितायत. ते बघा, कोपऱ्यात बसलेत.”

“ते तिकडं बसून माझ्यात कसे लिहितात?”

“ही वही तुमची एकटीची नाही. सगळ्यांची एकच आहे. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं.”

“म्हणजे मी लिहिलेलं पण सगळ्यांना दिसणार?” काकूंनी लगेच फोन उपडा ठेवला. “मग मी नाही बाई लिहीत.”

संडेस्कूलच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता भरणारा माझा वर्ग तो असा. विद्यार्थी नऊ, सगळ्यांचं सरासरी वय पासष्ट. मी त्या वेळी बावन्न वर्षांची होते आणि मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवत होते. शाळेतल्या मुली मला घाबरायच्या. चर्चमधले लोकही थोडेफार घाबरायचे, कारण माझी जीभ तिखट होती. त्रिभुवन बाई खवचट बोलतात असं सगळे म्हणायचे आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. लोक चार हात लांब राहिले की घरी कोणी का येत नाही याचं उत्तर आपोआप मिळतं.

वर्ग सुरू करायला चर्चच्या पाळकसाहेबांनीच सांगितलं होतं. आमचं नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चर्च शंभर वर्षं जुनं, पण मंडळी आता थोडी. त्यात पाळकसाहेबांच्या गळ्यात आणखी दोन गावांच्या मंडळ्या पडल्या होत्या. आठवड्यातले तीन दिवस ते मोटरसायकलवरच असत. पूर्वी घरभेटींची एक वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची, चर्चच्या मागच्या टेबलावर ठेवलेली. आजारी, म्हातारे, एकटे राहणारे, ज्यांच्याकडे भेटीला जायचं त्यांची नावं तिच्यात. दोघं जण जायचे, एक स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. ती वही प्रत्येकाच्या फोनवर असावी असं पाळकसाहेबांच्या मनात आलं आणि ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं.

मी ते झोकात केलं. चार रकाने पाडले: कोणाच्या घरी, कोण जाणार, कधी, आणि शेवटचा विनंतीचा. ज्याला कोणी यावंसं वाटेल त्याने आपलं नाव स्वतःच लिहायचं, अशी सोय केली. कोणाला विचारायला नको, कोणाला निरोप द्यायला नको. मला ही सोय फारच हुशारीची वाटली होती.

त्यातली गोम मला कळली नाही, कारण लाल वहीत नावं कशी यायची हे मी कधी बघितलंच नव्हतं. ती आधीच्या पाळकांची बायको लिहायची. रविवारी बाकावर कोण दिसलं नाही, कोणाचा आवाज गाण्यात बसका लागला, कोण उपासना संपल्यावर उगाच रेंगाळलं, हे तिला बरोबर समजायचं आणि सोमवारी वहीत नाव चढायचं. आमच्या मंडळीत शेजारणीसाठी, तिच्या सुनेसाठी, सुनेच्या माहेरासाठी लोक मोठ्याने प्रार्थनेची विनंती देतात. पण ‘माझ्याकडे या’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणायची पद्धत नाही.

देवदान रणभिसे माझ्या वर्गात सगळ्यात मागे बसत. वय शहात्तर. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते, दवाखाना बंद पडला तरी गाव त्यांना कंपाउंडर दादाच म्हणायचं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, मुलगी नवऱ्याबरोबर लांब गुजरातेत. घरभेटींना ते आयुष्यभर गेले, रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घालून. आता गुडघे चालू देत नव्हते म्हणून जाणं थांबलं होतं.

ते एका बोटाने लिहीत, पण एकही अक्षर चुकत नसे. औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिलेला हात तो. एका गुरुवारी मी वहीचा इतिहास शिकवत होते. कुठल्याही चौकटीत आधी काय होतं, ते कोणी लिहिलं, केव्हा बदललं, हे कसं बघायचं ते. उजागरे साहेबांनी ‘पक्षाघात’ तीन वेळा चुकवून चौथ्यांदा बरोबर लिहिला होता, ते मी सगळ्यांना दाखवलं. सगळे हसले, उजागरे साहेब सोडून.

दादांनी हात वर केला. “बाई, म्हणजे खोडलेलं पण राहतं?”

“राहतं.”

“सगळ्यांना दिसतं?”

“असं नुसतं दिसत नाही. बघायला गेलं तर दिसतं. पण इथे लिहिलेलं कोणी वाचत नाही, दादा, खोडलेलं बघायला कोण जातंय!”

पुन्हा सगळे हसले. दादांनी मान हलवली आणि आपल्या छोट्या डायरीत ते लिहून घेतलं.

त्या वर्गाबद्दल एक गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नसती. गुरुवारची मी वाट बघायचे. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बस स्टँडमागच्या दोन खोल्यांत शाळेतून आले की मी कुलूप काढायचे, दिवा लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लावेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्दही निघायचा नाही. गुरुवारी मात्र दोन तास बडबड व्हायची, चहा व्हायचा, लिडियाकाकूंची कुरकुर व्हायची. सामाईक वही कशी वापरायची हे शिकायला खरं तर तीन गुरुवार पुरले असते. मी ते पाच महिने शिकवत राहिले.

*

घोळ झाला तो दुःखसहनाच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, आठवड्यात. त्या शनिवारी पाळकसाहेब आणि चर्चच्या पंचकमिटीची माणसं घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन जाणार होती. तेवीस घरं. उजागरे साहेब कमिटीचे चिटणीस, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांनी दोन दिवस बसून कोणाकडे कोण किती वाजता जाणार ते वहीत भरलं. गुरुवारी संध्याकाळी उपासना होती म्हणून वर्ग भरला नाही, आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळे दुपारभर चर्चमध्येच होते, फोन कोणी बघितला नाही. शनिवारी सकाळी वही उघडली तर तेवीसच्या तेवीस ओळी कोऱ्या.

मी शाळेच्या कामासाठी नगरला गेले होते. पाळकसाहेबांचा फोन मला दुपारी तीनला लागला. अंधार पडता पडता घरी येऊन कॉम्प्युटर उघडला आणि दोन मिनिटांत यादी परत आणली, पण तोवर कमिटीची माणसं आठवतील त्या घरी जाऊन परतली होती. सहा घरं राहिली. त्यातल्या मथुराबाई जाधव नव्वद वर्षांच्या. त्या सकाळी आठपासून पांढरं पातळ नेसून, हात धुऊन, अंधार पडेपर्यंत पलंगावर बसून होत्या. मधे पाणीसुद्धा घेतलं नाही, प्रभुभोजन व्हायचंय म्हणून.

यादी परत आणली त्याच वेळी ती कोणी पुसली तेही बघितलं. गुरुवार, सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटं, उजागरे साहेब. मला हसूच आलं. झालं काय असेल ते मी ओळखलं. साहेबांनी आपल्या वाट्याची घरं स्वतःच्या डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली असणार, आणि मग फळा पुसावा तशी वही पुसून ठेवली असणार. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं, चर्चमधली वस्तू वापरली की पुढच्यासाठी स्वच्छ करून ठेवायची. आपण सगळ्यांचीच यादी पुसतोय हे त्यांच्या गावीही नसणार.

मग मी इतिहासात आणखी मागे गेले. कशाला गेले ते सांगता येत नाही. शनिवारची संध्याकाळ होती, करायला काही नव्हतं.

उजव्या बाजूला नावांची रांग होती. त्यात दर सोमवारी पहाटे पावणेसहाच्या सुमाराला एकच नाव, देवदान रणभिसे. दादा पहाटे वहीत येतात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्या नावाचा हिरवा ठिपका वर दिसायचा. सराव करतात असं मी समजायचे. एक सोमवार उघडला. सगळ्यात खालच्या ओळीत ‘कोणाच्या घरी’ या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. विनंतीच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘तब्येत ठीक आहे. कोणी आल्यास बरे.’ आणि सात मिनिटांनी दोन्ही खोडलं होतं.

पुढचा सोमवार. ‘रविवारी चारनंतर घरीच असतो.’ खोडलेलं.

त्याच्या पुढचा. ‘काही काम नाही. सहज.’ खोडलेलं.

‘बुधवारी हिचा वाढदिवस असे.’ खोडलेलं. ‘लिंबं पुष्कळ आली आहेत, घेऊन जावीत.’ खोडलेलं. ‘चहा घेऊ.’ तेही खोडलेलं. अकरा सोमवार, अकरा वेळा.

मी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांचं घर माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. त्याच वेळी उठून जायला हवं होतं. पण जाऊन सांगायचं काय? तुम्ही खोडलेलं मी चोरून वाचलं? त्यांना किती लाजिरवाणं होईल, असं मी स्वतःला समजावलं. उद्या ईस्टर आहे, मग सोमवार आहे, मग बघू असंही ठरवलं. कॉम्प्युटर बंद केला आणि जेवले.

*

ईस्टरच्या उपासनेनंतर अंगणात सगळे एकमेकांना शुभेच्छा देत असताना उजागरे साहेबांनी विषय काढला. आवाज त्यांचा कचेरीतला, लांबपर्यंत जाणारा.

“मथुराबाई दिवसभर उपाशी बसल्या. कोणाच्या हातून झालं ते मी सांगायला नको. पहाटे पहाटे वहीत कोणाचा दिवा लागलेला असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

सगळे दादांकडे बघायला लागले. दादा काठी टेकत फाटकाकडे निघाले होते, ते थांबले.

“माझ्या हातून?” ते म्हणाले. “झालं असेल बुवा. मला नीट येत नाही.”

“नीट येत नाही तर बोट घालायचं कशाला? पाळकसाहेब, यांचं नाव वहीतून काढा. बघायला हरकत नाही, पण लिहायला नको.”

“खरंय,” दादा म्हणाले. “काढा नाव.” त्यांचा चेहरा एकदम लहान झाला होता.

मी तिथल्या तिथे बोलू शकले असते. उजागरे साहेब, तुम्हीच पुसलंत, एवढं वाक्य पुरलं असतं. पण मला ते फुकट घालवायचं नव्हतं. ‘पक्षाघाता’वरून हसलो त्याचा राग ते तेव्हापासून धरून होते, माझ्या वर्गाला ‘बालवाडी’ म्हणत होते. मला त्यांना सगळ्यांसमोर, पडद्यावर, तारीख-वेळेसकट उताणं पाडायचं होतं.

“मंगळवारी कमिटी आहे ना?” मी म्हणाले. “तिथे दाखवते कोणी पुसलं ते. दादा, तुम्हीही या.”

“मी कमिटीत नाही, बाई.”

“तरी या.”

सोमवारी शाळेला सुट्टी होती. मी घर आवरलं, दादांकडे गेले नाही.

मंगळवारी संध्याकाळी संडेस्कूलच्या खोलीत कमिटी भरली. मी शाळेतला प्रोजेक्टर मागून आणला होता, भिंतीवर पांढरी चादर लावली होती. सात-आठ जण होते, त्यांत लिडियाकाकूही. पाळकसाहेब थकून आले होते. दादा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. प्रार्थना झाली आणि उजागरे साहेबांनी सुरुवात केली.

“त्रिभुवन बाई काहीतरी चमत्कार दाखवणार आहेत.”

“चमत्कार नाही, पुरावा,” मी म्हणाले. मला मजा येत होती हे कबूल करते. वही उघडली, इतिहास उघडला आणि तो चादरीवर दिसायला लागला. मी गुरुवारपर्यंत जाणार, तेवढं एकच दाखवणार आणि बंद करणार, असा बेत होता. बाजूला नावांची रांग दिसते हे मला माहीत होतं, पण ती बारीक अक्षरं कोणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं.

उजागरे साहेबांनी कचेरीत आयुष्यभर बारीक अक्षरंच वाचली होती.

“थांबा!” ते उठून चादरीजवळ गेले आणि बोटाने दाखवायला लागले. “रणभिसे. सोमवार. रणभिसे. हा बघा, पुन्हा सोमवार. हाही सोमवार. पाळकसाहेब, मी म्हणत नव्हतो? दर सोमवारी पहाटे हा माणूस वहीत काय करतो? उघडा ते बाई.”

“त्याचा याच्याशी संबंध नाही. पुसलं गुरुवारी.”

“संबंध आहे की नाही ते कमिटी ठरवील. उघडा.”

लिडियाकाकू म्हणाल्या, “उघडा की, बघू तरी.” पाळकसाहेबही म्हणाले, “बाई, दाखवायला अडचण काय आहे?”

मी दादांकडे बघितलं. ते चादरीकडे एकटक बघत होते. दोन्ही हात काठीवर, पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, हा माणूस आता भीतीने मरेल. ‘कोणी आल्यास बरे’ हे भिंतीएवढ्या अक्षरांत सगळ्यांसमोर येणार. लिडियाकाकू ते घरोघर सांगणार. उजागरे साहेब मोठ्याने वाचून दाखवणार. गुरुवार दाखवायचा तर आता सोमवार ओलांडून जाता येणार नव्हतं, कोणी जाऊ दिलं नसतं.

मी कॉम्प्युटर बंद केला. चादर पांढरी झाली.

“मी पुसलं,” मी म्हणाले.

उजागरे साहेब चादरीजवळून माझ्याकडे वळले.

“गुरुवारी सकाळी नव्या धड्यासाठी कोरी वही काढत होते. चुकून हीच पुसली गेली. आज पडद्यावर माझंच नाव दिसलं असतं, म्हणून आता सांगून टाकते. दादांचा काही दोष नाही. ते नुसता सराव करतात.”

चर्चच्या आवारात, प्रार्थनेनंतर, पाळकांसमोर मी धडधडीत खोटं बोलले. उजागरे साहेबांचा चेहरा असा खुलला की तो मला आजही दिसतो. ते दहा मिनिटं बोलले. शिकवणाऱ्यानेच असं केलं तर, मथुराबाईंचा उपास, स्वतःला फार शहाणं समजणं, सगळं त्यात आलं. मी खाली मान घालून ऐकलं. पाळकसाहेबांनी “होतं माणसाकडून” म्हणून विषय मिटवला. दादांचं नाव वहीत राहिलं. माझा वर्ग मात्र ‘काही दिवस थांबवावा’ असं ठरलं, आणि तो पुन्हा कधी भरला नाही.

*

सगळे गेल्यावर मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. दादा अजून दाराजवळच होते.

“बाई, तुम्ही नाही पुसलं.”

“नाही.”

“मग कोणी?”

“उजागरे साहेबांनी. त्यांना माहीतही नाही.”

“मग तसं सांगितलं का नाही?”

मी वायर गुंडाळत राहिले. माझ्या मनात होतं की त्यांना कळेल, ते आभार मानतील, निदान मान तरी हलवतील. मी त्यांची अब्रू झाकली होती, तीही स्वतःची देऊन.

“तुम्ही वाचलंय ना?” त्यांनी विचारलं. “माझं, खोडलेलं?”

“हो, दादा. माफ करा. पण मी कोणालाही सांगणार नाही.”

“कधी वाचलं?”

“शनिवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं, खरोखर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार.

“आज मंगळवार आहे, बाई.”

मी वायर टेबलावर ठेवली.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. “खोडलेलं दिसतं का म्हणून. तुम्ही म्हणालात, बघायला गेलं तर दिसतं. मला वाटलं, हे बरंय. आपण मागितलं असं पण नको व्हायला, आणि कोणाला कळलं तर कळेल. आयुष्यभर मी लोकांकडं गेलो. आता माझ्याकडं या म्हणायला तोंड उघडत नाही. म्हणून लिहायचो न् खोडायचो. म्हटलं, कोणीतरी एक दिवस बघायला जाईल.”

“मला वाटलं तुम्हाला लाज वाटेल.”

“वाटली असती की. मघाशी तिथं बसून घाम फुटला होता मला. पण म्हटलं होऊ दे. आज सगळ्यांना दिसेल. चार दिवस हसतील.” ते उठायला लागले, एका हाताने भिंत धरून. “पण मग कोणीतरी आलं असतं हो.”

मी म्हणाले, “मी येते ना दादा. आत्ता येते, चला.”

“आत्ता नको. आत्ता तुम्हाला वाईट वाटलंय.”

ते गेले. पायऱ्या उतरायला त्यांना खूप वेळ लागला आणि मी मदतीला पुढे झाले नाही. माझी हिंमत झाली नाही.

*

बुधवारी शाळा सुटल्यावर मी गेले. दवाखान्यामागे कंपाउंडरची दोन खोल्यांची क्वार्टर, पत्र्याची. दार उघडंच होतं. दादांनी मला बघितलं, कशाला आलात असं विचारलं नाही, नुसतं “या” म्हणाले आणि खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं.

खोली स्वच्छ होती. फळीवर डाळी-तांदळाच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, दवाखान्यातल्यासारखी. त्यांनी चहा केला. साखर चमच्यात घेऊन, वरून बोटाने सपाट करून, मोजून घातली. आम्ही चहा घेतला. मग मी पर्समधून छोटं बायबल काढलं, कारण भेटीला गेल्यावर तसंच करतात.

“कोणतं स्तोत्र वाचू?”

“स्तोत्र राहू द्या. ते मी रोज वाचतो, एकटाच. तुम्ही बोला काहीतरी.”

अठ्ठावीस वर्षं मी वर्गात बोलत आले होते. तिथे मला एक वाक्य सुचेना. शाळेचं थोडं सांगितलं. त्यांनी लिंबाच्या झाडाचं सांगितलं. मुलगी फोन करते का विचारलं, तर म्हणाले, करते, तिला तिची कामं असतात. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते. मधेच दादा “हं” म्हणाले, मीही “हं” म्हणाले. असाच तास गेला.

सव्वापाच झाले. भेट झाली असं मी मनाशी ठरवलं, पर्स उचलली आणि उभी राहिले.

“येते दादा. पुढच्या बुधवारी येईन.”

“या,” ते म्हणाले. मग माझ्याकडे जरा निरखून बघत राहिले. रुग्णांकडे बघायचे तसे बघत असावेत.

“बाई, तुमच्याकडं कोण येतं हो?”

“माझ्याकडे? दूधवाला येतो,” मी म्हणाले. तिखट जिभेला सवय असते, ती आपली चालते.

दादा हसले नाहीत. ते वाट बघत राहिले. मी दाराकडे बघितलं, मग पायांतल्या चपलांकडे. मला काहीतरी गमतीचं बोलून निघून जायचं होतं.

“कोणी नाही येत,” मी म्हणाले. “आई गेल्यापासून कोणीच नाही आलं, दादा.”

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. काठी घेतली, हळूहळू उठले आणि स्टोव्हवर पुन्हा पातेलं चढवलं.

“मग जायची घाई कशाला करता?” ते माझ्याकडे पाठ करून म्हणाले. “बसा की.”

मी चपला काढल्या आणि बसले.